जुना कॉम्प्युटर पेनड्राइव्ह घेत नाही? आधी घोडं कुठे अडलंय ते बघा

"यूएसबी पोर्ट गेलाय," असं म्हणत लोक जुना कॉम्प्युटर माझ्या टेबलावर आणून ठेवतात. मी विचारते, लावल्यावर नेमकं काय होतं? "काहीच होत नाही," हे ठरलेलं उत्तर. मग मी म्हणते, माझ्यासमोर लावून दाखवा. आणि बहुतेक वेळा काहीतरी होतच असतं. पेनड्राइव्हचा दिवा एकदा लुकलुकून विझतो. किंवा लावल्याचा आवाज येतो आणि पाठोपाठ काढल्याचा. किंवा कोपऱ्यात एक फुगा येतो आणि कोणी वाचायच्या आत निघून जातो. ही तीन वेगवेगळी दुखणी आहेत, त्यांचे उपायही वेगळे. तरीही तिघांवर एकच औषध दिलं जातं: विंडोज फॉरमॅट मारा. साप साप म्हणून भुई धोपटण्याचा हा प्रकार मला अजिबात आवडत नाही.

पोर्ट खरोखर मेला असं क्वचित होतं. जास्त वेळा काम मध्येच कुठेतरी अडकलेलं असतं, आणि ते कुठे अडकलं हे लक्षणांवरून कळतं. त्यासाठी वस्तू लावल्यावर आत काय घडतं ते थोडक्यात माहीत हवं.

यूएसबी 2.0 च्या केबलमध्ये चार तारा असतात. लाल तारेत 5 व्होल्ट, काळी ग्राउंड, हिरवी डी प्लस आणि पांढरी डी मायनस. स्वस्त केबलमध्ये रंग वेगळेही निघतात, तेव्हा रंगावर डोळे झाकून विश्वास ठेवू नका. वस्तू लावली की आधी तिला करंट मिळतो. करंट मिळाल्यावर ती दोन डेटा तारांपैकी एक तार दीड किलोओहमच्या रेझिस्टरने वर ओढते. कॉम्प्युटरच्या बाजूला या दोन्ही तारा 15 किलोओहमने ग्राउंडला बांधलेल्या असतात, त्यामुळे एक वर गेली की कॉम्प्युटरला कळतं, कोणीतरी आलं. डी मायनस वर गेली तर साधा माऊस किंवा कीबोर्ड, सेकंदाला दीड मेगाबिटवाला. डी प्लस वर गेली तर 12 मेगाबिट किंवा त्याहून वेगवान. मग कॉम्प्युटर त्या वस्तूला रिसेट करतो, तू कोण असं विचारतो, ती आपल्या कंपनीचा क्रमांक आणि स्वतःचा क्रमांक सांगते, आणि तिला एक पत्ता मिळतो. इथपर्यंत त्या वस्तूच्या ड्रायव्हरचा, म्हणजे ती चालवायला विंडोजला लागणाऱ्या प्रोग्रॅमचा, प्रश्न येतच नाही. त्यानंतर विंडोज त्या क्रमांकांना जुळणारा ड्रायव्हर शोधते. पेनड्राइव्ह किंवा डिस्क असेल तर अजून एक पायरी उरते: पार्टिशन (डिस्कवरचा कप्पा) वाचायचं आणि ड्राइव्हला अक्षर द्यायचं.

आता लक्षणं बघा. दिवा नाही, आवाज नाही: करंट पोचत नाही. दिवा आहे पण आवाज नाही: डेटाच्या तारा जुळलेल्या नाहीत. आवाज आला आणि 'यूएसबी डिव्हाइस नॉट रेकग्नाइज्ड' असं आलं: तारा जुळल्या, पण बोलणं फिसकटलं. डिव्हाइस मॅनेजरमध्ये (जोडलेल्या वस्तूंच्या विंडोजमधल्या यादीत) नाव नीट दिसतं, पण 'माय कॉम्प्युटर'मध्ये ड्राइव्ह नाही: पोर्टचा काही दोष नाही, शेवटच्या पायरीवर अडलंय.

म्हणून स्क्रू ड्रायव्हर हातात घेण्याआधी डिव्हाइस मॅनेजर उघडा. 'माय कॉम्प्युटर'वर राइट क्लिक, 'मॅनेज', आणि डावीकडच्या यादीत तो असतोच. 'युनिव्हर्सल सिरियल बस कंट्रोलर्स' ही फांदी उघडून ठेवा आणि त्याच्याकडे बघत वस्तू लावा-काढा. वस्तू पोचत असेल तर पूर्ण यादी एकदा थरथरते, नव्याने रंगते. ती थरथर दिसली म्हणजे निदान डेटाच्या तारा जुळण्यापर्यंत मजल गेली. यादी दगडासारखी स्थिर राहिली तर पोर्ट, केबल किंवा करंट यांच्याकडे बघायचं, ड्रायव्हरशी खेळत बसायचं नाही.

पिवळ्या खुणेचं 'अननोन डिव्हाइस' आलं असेल तर त्यावर डबल क्लिक करून 'डिटेल्स' टॅबमध्ये 'हार्डवेअर आयडीज' निवडा. तिथे व्हीआयडी (कंपनीचा) आणि पीआयडी (वस्तूचा) असे दोन क्रमांक दिसतात. व्हीआयडीपुढे चार शून्यं असतील तर वस्तूला आपलं नावही सांगता आलेलं नाही. अशा वेळी ड्रायव्हरची सीडी शोधून उपयोग नाही, कारण कोणाचा ड्रायव्हर हवा हेच कॉम्प्युटरला माहीत नाही. केबल, करंट, पोर्टचे संपर्क किंवा ती वस्तू स्वतः, या चारांपैकी काहीतरी आहे. खरे क्रमांक दिसत असतील तर मात्र संभाषण झालंय, आणि ते क्रमांक इंटरनेटवर टाकले की वस्तू कोणती ते कळतं, योग्य ड्रायव्हरही सापडतो. माझ्या मते या पूर्ण तपासणीत सगळ्यात उपयोगाची जागा हीच, आणि तिथे कोणी फिरकत नाही.

तपासायला माझ्या खणात वेगळ्या ठेवलेल्या वस्तू आहेत: एक वायरवाला ऑप्टिकल माऊस, एक जुना 2 जीबीचा पेनड्राइव्ह, एक आखूड केबल जी डेटाची आहे याची खात्री आहे, आणि एक गोल पिनचा पीएस-टू कीबोर्ड. ज्या वस्तूवरच शंका आहे तिने पोर्ट तपासू नका. चांगल्या वस्तूने पोर्ट तपासा, चांगल्या पोर्टवर वस्तू तपासा. फोन जोडायच्या केबलबाबत जास्त सावध राहा, कारण पुष्कळ केबल फक्त चार्जिंगच्या असतात. त्यात डेटाच्या तारा घातलेल्याच नसतात. फोन छान चार्ज होतो आणि कॉम्प्युटर मख्ख बसतो. ऑप्टिकल माऊसचा लाल दिवा लागला म्हणजे पोर्ट चांगला, हाही असाच गैरसमज. तो दिवा फक्त 5 व्होल्ट आले एवढंच सांगतो.

आता पोर्टमध्ये डोकवा. कॉम्प्युटर बंद करा, मागची वायर काढा आणि मोबाइलचा टॉर्च तिरका धरा. आत एक प्लॅस्टिकची जीभ दिसेल, तिच्यावर चार सोनेरी पट्ट्या. जीभ मधोमध असायला हवी. ती वर किंवा खाली झुकलेली असेल तर कोणीतरी प्लग उलटा दामटलाय. पट्ट्या एका पातळीत हव्यात. एखादी आत दबलेली, वाकून शेजारणीला टेकलेली असेल तर त्या पोर्टमध्ये काहीही लावू नका. धूळ आणि कापडाचे तंतू तळाशी साचतात आणि लाकडासारखे घट्ट होतात. ते लाकडी टूथपिकने उकरायचे, टाचणीने नाही. काळवंडलेल्या पट्ट्यांवर आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवलेला मऊ ब्रश फिरवा आणि पूर्ण वाळू द्या. ब्रश नसेल तर एखादा जुना, टाकाऊ प्लग बंद पोर्टमध्ये अनेकदा आत-बाहेर केला तरी वरचा गंज घासला जातो. फुंकर मारू नका, तोंडातली वाफ आत जाते.

इथे एक बारकी गोष्ट सांगते, कारण ती कळली की दिवा लागतो पण पेनड्राइव्ह कॉम्प्युटरला दिसत नाही या कोड्याचा निम्मा उलगडा होतो. यूएसबीच्या प्लगमध्ये डोकावून बघा. चार पट्ट्यांपैकी कडेच्या दोन टोकाच्या जास्त जवळ आलेल्या असतात आणि मधल्या दोन किंचित मागे असतात. कडेच्या दोन करंटच्या, मधल्या दोन डेटाच्या. लावताना आधी करंट जुळावा आणि काढताना तो शेवटी सुटावा म्हणून मुद्दाम अशी रचना आहे. फरक फक्त एक मिलिमीटरचा. म्हणजे प्लग एक-दोन मिलिमीटर बाहेर राहिला तर करंट मिळतो आणि डेटा मिळत नाही. जुन्या कॅबिनेटच्या पुढच्या पोर्टवर हे फार घडतं. पोर्टची पट्टी आतल्या बाजूला स्क्रूने बसवलेली असते, स्क्रू ढिला होतो, पट्टी मागे सरकते आणि प्लॅस्टिकच्या पॅनेलची जाडी आड येते. जाड रबरी खोळीचा पेनड्राइव्हही तसाच अडतो. पुढचं पॅनेल काढून तोच पेनड्राइव्ह थेट लावून बघा. चालला तर पट्टीचे स्क्रू पुढे घेऊन आवळा, काम संपलं.

करंटची बाजू जुन्या मशीनमध्ये विशेष महत्त्वाची. यूएसबी 2.0 चा पोर्ट एका वस्तूला जास्तीत जास्त 500 मिलिअँपिअर देण्यासाठी बनवलेला असतो, तेही वस्तूने मागितल्यावर. ओळख पटेपर्यंत तिने 100 मध्ये भागवायचं असतं. यूएसबी 3.0 मध्ये ही मर्यादा 900 झाली. त्यामुळे आजची पोर्टेबल हार्ड डिस्क जुन्या पोर्टला लावली की तिची मोटर सुरू होताना मागणी उसळते, व्होल्टेज खाली बसतं, डिस्क बंद पडते, मागणी संपते, व्होल्टेज परत चढतं, डिस्क परत सुरू होते. बाहेरून तुम्हाला 'टक्... टक्... टक्...' ऐकू येतं आणि लावल्याचा-काढल्याचा आवाज आलटून पालटून. असा आवाज ऐकला की डिस्क लगेच काढा, कारण अर्धवट करंटवर ती फिरवत ठेवणं डेटासाठी धोक्याचं आहे. मागच्या पोर्टवर लावून बघा, आखूड केबल वापरा. तरी नाही जमलं तर दोन प्लगची वाय केबल किंवा स्वतःचा अॅडॉप्टर असलेला हब, म्हणजे एका पोर्टचे अनेक करणारा डबा. हब चांगला घ्या. काही स्वस्त हब उलट्या दिशेने कॉम्प्युटरमध्येच करंट सोडतात, मग मशीन बंद केलं तरी बोर्डवरचे दिवे जळत राहतात आणि पुढच्या वेळी सुरू होताना ते अडखळतं.

सगळे पोर्ट एकदम गेले असतील आणि काल संध्याकाळपर्यंत ठीक होते, तर कशालाही हात लावायच्या आधी हे करा: कॉम्प्युटर बंद करा, भिंतीतला प्लग काढा, यूएसबीच्या सगळ्या वस्तू काढा, पॉवरचं बटण अर्धा मिनिट दाबून धरा, मग प्लग लावून सुरू करा. लॅपटॉपची बॅटरी निघत असेल तर तीही काढा. कॉम्प्युटर बंद केला तरी एसएमपीएसमधून (कॅबिनेटमधल्या पॉवर सप्लायच्या डब्यातून) 5 व्होल्टचा स्टँडबाय पुरवठा बोर्डला चालूच असतो, म्हणून नुसत्या रिस्टार्टने गोंधळलेला कंट्रोलर, म्हणजे यूएसबी सांभाळणारी चिप, भानावर येत नाही. प्लग काढल्यावर येतो. तुलनेने मूर्ख वाटणारा उपाय आहे, पण मी तो नेहमी आधी करते.

शेजारचे दोन पोर्ट एकत्र गेले असतील तर बोर्डवरच्या फ्यूजवर संशय घ्या. अनेक मदरबोर्डवर दोन-दोन पोर्टांना मिळून एक फ्यूज असतो, पोर्टच्या मागेच, पिवळसर किंवा हिरवट चपटा तुकडा. हा पॉलिफ्यूज जास्त करंट गेला की तापतो, त्याचा विरोध वाढतो आणि तो पुरवठा जवळपास तोडतो. थंड झाला की पुन्हा जोडतो. म्हणून शॉर्ट झालेली वस्तू लावल्यावर पोर्ट मेल्यासारखा वाटला तर वस्तू काढून थोडा वेळ जाऊ द्या. जुन्या विंडोज एक्सपीवर अशा वेळी 'पॉवर सर्ज ऑन हब पोर्ट' असा इशारा यायचा. तो इशारा वस्तू काढा असं सांगत असतो, आणि लोक 'रिसेट' दाबून तीच वस्तू परत लावायचे.

यानंतरचा प्रश्न: दोष विंडोजचा की बोर्डचा? याचं उत्तर काढायला विंडोज सुरूच करू नका. यूएसबी कीबोर्ड संशयित पोर्टला लावा आणि मशीन सुरू होताना बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी चालणाऱ्या बोर्डच्या सेटिंगमध्ये, शिरायची कळ दाबा, बहुतेक ठिकाणी डिलीट किंवा एफ-टू. कीबोर्डने बायोसमध्ये शिरता आलं, बाण चालले, तर पोर्टच्या तारा आणि कंट्रोलर जिवंत आहेत. नाही शिरता आलं तर पीएस-टू कीबोर्डने शिरा आणि तिथल्या सेटिंग बघा. 'यूएसबी कंट्रोलर' आणि 'यूएसबी 2.0 कंट्रोलर' 'एनेबल्ड' हवेत, 'लेगसी यूएसबी सपोर्ट'ही. तो 'डिसेबल्ड' असेल तर बायोसमध्ये कीबोर्ड मुका राहतो, पण विंडोज सुरू झाल्यावर बोलायला लागतो, आणि माणूस उगाच चक्रावतो. दर वेळी सुरू करताना तारीख मागे गेलेली दिसत असेल तर बोर्डवरची सीआर 2032 बॅटरी संपली आहे. ती संपली की बायोसची सेटिंग टिकत नाहीत, तुम्ही आज 'एनेबल्ड' केलेलं प्लग काढल्यावर पुसलं जातं. बॅटरी बदलूनच पुढे जा.

कीबोर्डची ही परीक्षा पास झाली म्हणून पोर्ट शंभर टक्के चांगला असं मात्र समजू नका. कीबोर्ड दीड मेगाबिटने बोलतो आणि पेनड्राइव्ह 480 ने. तार कुरतडलेली असेल, पुढच्या पॅनेलची आतली केबल हलक्या दर्जाची असेल, तर हळू बोलणारा निभावून नेतो आणि भरभर बोलणाऱ्याचे शब्द हरवतात. "माऊस चालतो, पेनड्राइव्ह चालत नाही" या तक्रारीमागे पुष्कळदा हेच असतं.

हे पक्कं करायची एक युक्ती आहे, खास जुन्या बोर्डांसाठी. त्या काळच्या बोर्डांवर वेगवान वस्तूंसाठी 'एनहान्स्ड होस्ट कंट्रोलर' आणि संथ वस्तूंसाठी 'युनिव्हर्सल' किंवा 'ओपन' होस्ट कंट्रोलर असे वेगळे असतात, तारा मात्र त्याच. डिव्हाइस मॅनेजरच्या यादीत दोन्ही प्रकार दिसत असतील, तरच हे करा: 'एनहान्स्ड' असं लिहिलेल्या ओळीवर राइट क्लिक करून तो 'डिसेबल' करा. आता सगळे पोर्ट 12 मेगाबिटवर उतरले. पेनड्राइव्ह लावा. आता दिसला तर पोर्ट जिवंत आहे, तारेचा दर्जा खराब आहे. केबल बदला, मागचा पोर्ट वापरा. अगदी नड असेल तर याच स्थितीत फाइल काढून घ्या. वेग सेकंदाला साधारण एक एमबी मिळतो, म्हणजे एक जीबीला पाव तासाहून जास्त, पण दस्तऐवज निघून येतात. काम झालं की तो परत 'एनेबल' करा. यादीत फक्त 'एनहान्स्ड'च असेल तर याला हात लावू नका. ते बोर्ड थोडे नंतरचे असतात, त्यांच्यात तोच बंद केला की माऊस-कीबोर्डही जातो.

आता विंडोजकडे. डिव्हाइस मॅनेजरमध्ये यूएसबीच्या फांदीतल्या होस्ट कंट्रोलरच्या ओळी एकेक करून 'अनइन्स्टॉल' करायच्या आणि रिस्टार्ट करायचं, विंडोज त्या आपणहून परत बसवते. उपाय चांगला आहे, पण माऊस आणि कीबोर्ड दोन्ही यूएसबी असतील तर मध्येच हात बांधले जातात. पीएस-टू कीबोर्ड जवळ ठेवा. नसेल तर पॉवर बटण एकदाच हलकं दाबा, बहुतेक सेटिंगमध्ये विंडोज नीट बंद होते आणि पुढच्या सुरुवातीला सगळं परत येतं.

थोडा वेळ चालून मग वस्तू गायब होत असेल तर पॉवर बचतीकडे बघा. प्रत्येक 'यूएसबी रूट हब'च्या प्रॉपर्टीजमध्ये 'पॉवर मॅनेजमेंट' टॅब असतो, तिथली 'अलाऊ द कॉम्प्युटर टू टर्न ऑफ धिस डिव्हाइस' ही खूण काढा. कंट्रोल पॅनेलच्या 'पॉवर ऑप्शन्स'मध्ये प्रगत सेटिंगखाली 'यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड' आहे, तेही 'डिसेबल्ड' करा. लॅपटॉपची बॅटरी किंचित लवकर उतरेल, चालतं.

एकच प्रिंटर एका पोर्टवर चालतो आणि शेजारच्यावर नाही, असं झालं तर लगेच त्या पोर्टला दोष देऊ नका. ज्या वस्तूला स्वतःचा सिरियल नंबर नसतो तिची नोंद विंडोज पोर्टनुसार वेगळी ठेवते. म्हणूनच साधा माऊस दुसऱ्या पोर्टला लावला की 'इन्स्टॉलिंग' असं नव्याने येतं. एका पोर्टची नोंद बिघडली तर त्या पोर्टवरच ती वस्तू रुसते, बाकी सगळं तिथे चालतं. वस्तू त्या पोर्टला लावलेली ठेवून डिव्हाइस मॅनेजरमधून तिची ओळ 'अनइन्स्टॉल' करा, वस्तू काढा, परत लावा.

एरर कोडबद्दल दोन शब्द. कोड 28 म्हणजे ड्रायव्हर बसवलेलाच नाही, सरळ गोष्ट. कोड 10 म्हणजे वस्तू सुरू होत नाही. कोड 43 म्हणजे वस्तूने काहीतरी गडबड कळवली म्हणून विंडोजने तिला थांबवलं, आणि त्याच्यासोबत वरची ती चार शून्यं असतील तर परत केबल आणि करंटकडे वळा. निळ्या रंगाच्या यूएसबी 3.0 पोर्टवर विंडोज 7 काहीच घेत नसेल तर त्यात नवल नाही, त्या कंट्रोलरचा ड्रायव्हर विंडोज 7 मध्ये मुळात नाही, विंडोज 8 पासून आला. बोर्डच्या कंपनीच्या साइटवरून तो उतरवून काळ्या पोर्टमधून आणा.

ड्राइव्ह ओळखला गेला पण 'माय कॉम्प्युटर'मध्ये नसेल तर त्याच 'मॅनेज'च्या खिडकीतलं 'डिस्क मॅनेजमेंट' उघडा. तिथे तो बिनअक्षराचा दिसला तर राइट क्लिक करून अक्षर द्या. नेटवर्क ड्राइव्ह असलेल्या मशीनवर अक्षरांची भांडणं नेहमीची. विंडोजने 'फॉरमॅट करायचं का' असं विचारलं तर 'नाही' म्हणा आणि आधी दुसऱ्या, नव्या कॉम्प्युटरवर लावून बघा. एक्सपीला एक्सफॅट पद्धतीने फॉरमॅट केलेला पेनड्राइव्ह वेगळा अपडेट टाकल्याशिवाय वाचता येत नाही, आणि 32 बिटच्या एक्सपीला जीपीटी या नव्या पद्धतीच्या पार्टिशनची डिस्क वाचता येत नाही. तुमचा डेटा शाबूत असतो, फक्त मशीनला ती लिपी येत नाही.

कार्यालयातून काढलेल्या जुन्या मशीनवर एक वेगळंच लक्षण दिसतं: माऊस, प्रिंटर, स्कॅनर सगळं चालतं, पेनड्राइव्ह मात्र एकही नाही, कुठल्याच पोर्टवर नाही. हे बिघडलेलं नाही, मुद्दाम बंद केलेलं आहे. रजिस्ट्रीत (विंडोजच्या आतल्या सेटिंगच्या वहीत) लोकल मशीनच्या 'सिस्टिम', 'करंट कंट्रोल सेट', 'सर्व्हिसेस' या वाटेने 'यूएसबीस्टोर'पाशी जा. तिथे 'स्टार्ट'ची किंमत 4 असेल तर पेनड्राइव्हवर बंदी आहे, 3 केली आणि रिस्टार्ट केलं की उठते. मशीन अजून कार्यालयाचंच असेल तर स्वतः बदलू नका, जो माणूस ते सांभाळतो त्याला विचारा.

विंडोजवरचा संशय फिटत नसेल तर लिनक्सची लाइव्ह डीव्हीडी घालून मशीन सुरू करा. हार्ड डिस्कला धक्का न लावता लिनक्स चालू होतं. टर्मिनलमध्ये कर्नलचे (लिनक्सच्या गाभ्याचे) संदेश बघत वस्तू लावा. नाव आणि क्रमांक नीट आले तर दोष विंडोजमध्ये. 'डिव्हाइस डिस्क्रिप्टर रीड' आणि पुढे 'एरर -71' किंवा '-110' आलं तर तिथेही बोलणं फिसकटतंय. 71 म्हणजे उत्तर चुकीचं किंवा तुटक, 110 म्हणजे उत्तर वेळेत आलंच नाही. मग विंडोज फॉरमॅट करण्याचा विषय बंद.

कॅबिनेट उघडायची वेळ आलीच तर पुढच्या पोर्टची केबल मदरबोर्डवर जिथे बसते ती जागा बघा. पाच-पाचच्या दोन रांगा, त्यात एक पिन गायब, म्हणजे नऊ पिना. पहिल्या जोडीत 5 व्होल्ट, मग डी मायनस, मग डी प्लस, मग ग्राउंड. केबल एक घर सरकून बसली की डेटाच्या जागी करंट जातो. शिवाय काही बोर्डांवर शेजारीच फायरवायरचं (यूएसबीसारख्याच दुसऱ्या एका जोडणीचं) तसंच दिसणारं नऊ पिनांचं कनेक्शन असतं आणि त्यात 12 व्होल्ट असतात. यूएसबीची केबल तिथे बसवली तर पुढे लावलेली प्रत्येक वस्तू जळते. बोर्डवरची बारीक अक्षरं वाचल्याशिवाय तिथे काही बसवू नका. त्याच भागात फुगलेले कपॅसिटर (बोर्डवरचे छोटे उभे गोल डबे) दिसतात का तेही बघून घ्या.

मल्टिमीटर असेल तर मशीन चालू ठेवून पोर्टचा पुरवठा मोजा, 4.75 ते 5.25 व्होल्टच्या दरम्यान हवा. सगळ्या पोर्टवर कमी येत असेल तर एसएमपीएस म्हातारा झालाय. नंतर मशीन बंद, भिंतीतला प्लग बाहेर, मीटर डायोडच्या खुणेवर. लाल टोक पोर्टच्या बाहेरच्या पत्र्याला, काळं टोक आधी डी प्लसला, मग डी मायनसला. आकडा बोर्डागणिक वेगळा येतो, पण दोन्ही तारांचा जवळपास सारखा यायला हवा, आणि शेजारच्या चांगल्या पोर्टशी जुळायला हवा. एक तार शून्याजवळ दाखवत असेल तर ती ग्राउंडला शॉर्ट आहे. दोन्हींत मोठा फरक असेल तर वेगळा आकडा देणाऱ्या तारेमागचा चिपचा भाग किंवा संरक्षक डायोड गेला. असा पोर्ट खरोखर गेला, आता त्याला औषध नाही.

मग पर्याय साधे आहेत. डेस्कटॉपमध्ये पीसीआय खाच असेल तर यूएसबी 2.0 चं कार्ड बसतं, पीसीआय एक्सप्रेस असेल तर 3.0 चं. 3.0 चं कार्ड घेताना त्यावर एसएमपीएसची वेगळी वायर जोडायची सोय आहे का ते बघा, करंटची रड तिथेच मिटते. आणि तुमच्या विंडोजसाठी त्याचा ड्रायव्हर मिळतो का, हे कार्ड घेण्याआधी बघा. काही जुन्या लॅपटॉपला बाजूला एक्सप्रेसकार्डची खाच असते, त्यात बसणारी यूएसबी कार्डं मिळतात. गेलेल्या पोर्टवर चिकटपट्टी लावून टाका आणि वर फुली मारा. शॉर्ट झालेल्या पोर्टमध्ये कोणीतरी कधीतरी आपला चांगला पेनड्राइव्ह घालतोच.